एक्स्टर्नलची ऑर्डर आली, आता पुढे? बाह्य परीक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळी परीक्षा तोंडावर आल्या की मराठवाड्यातल्या स्टाफरूममध्ये तेच प्रश्न फिरत असतात. नव्याने नेमणूक झालेल्या प्राध्यापकांना परिपत्रकं मिळतात, पण परिपत्रकात सगळं नसतं. इथली उत्तरं छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांच्याशी संलग्न महाविद्यालयांतल्या शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. पहिल्याकडे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे जिल्हे, तर दुसऱ्याकडे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली. दर, नमुने आणि तारखा दर हंगामाच्या परिपत्रकाप्रमाणे बदलतात. कामाची रीत मात्र सगळीकडे जवळपास सारखीच आहे.

बाह्य परीक्षक म्हणजे नेमकं कोण? प्रात्यक्षिकाला जातो तोच ना?

तो एक झाला. एकाच शब्दाखाली चार-पाच कामं येतात: दुसऱ्या कॉलेजात प्रात्यक्षिक आणि तोंडी घेणं, प्रश्नपत्रिका काढणं, मूल्यांकन केंद्रावर उत्तरपत्रिका तपासणं, दुसऱ्याने तपासलेल्या पेपरांचं मॉडरेशन (नमुन्यादाखल फेरतपासणी) करणं आणि पीएच.डी.चा प्रबंध तपासणं. ऑर्डरवर यातलं कोणतं काम लिहिलंय ते आधी वाचा, कारण प्रत्येकाची जबाबदारी वेगळी असते.

इंटरनेटवर ब्रिटिश विद्यापीठांची मार्गदर्शनं वाचून गोंधळ होतो, म्हणून सांगून ठेवतो. तिकडचा एक्स्टर्नल सहसा स्वतः पेपर तपासत नाही. तो तपासलेल्या पेपरांचे नमुने बघतो, परीक्षा मंडळाच्या बैठकीला बसतो आणि दर्जाबद्दल अहवाल देतो. आपल्याकडे एक्स्टर्नल स्वतः गुण देतो.

मग "मंडळ" म्हणतात ते काय? माझी नेमणूक कोण करतं?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक विद्यापीठात परीक्षा व मूल्यमापन मंडळ असतं. कुलगुरू त्याचे अध्यक्ष आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक हे सदस्य सचिव. पूर्वीच्या कायद्यात याच पदाला परीक्षा नियंत्रक म्हणत. बोलण्यात अजूनही "कंट्रोलर" हाच शब्द आहे. विषयतज्ज्ञांची नावं अभ्यासमंडळाकडून येतात, त्यातून पॅनेल होतं आणि ऑर्डर परीक्षा विभागातून निघते. विषयाचा एक चेअरमन नेमलेला असतो. तुमचा रोजचा संबंध त्याच्याशी आणि केंद्राच्या संचालकाशी.

कामाची वाटणी सुरुवातीलाच समजून घ्या. तुम्ही गुण देता. ग्रेस (काठावरच्याला नियमाने मिळणारे वाढीव गुण) लावणं, ग्रेड काढणं, निकाल राखून ठेवणं आणि जाहीर करणं ही कामं मंडळाची आणि परीक्षा विभागाची. निम्मे घोटाळे ही रेघ पुसली की होतात. परीक्षक "याला पुढे ग्रेस मिळेलच" असा हिशेब मनात धरून दोन गुण कमी-जास्त करतो आणि ते दोन गुण नंतर कुठेच जुळत नाहीत.

किती पेपर बाहेरच्या परीक्षकानेच तपासले पाहिजेत?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की मुख्य विषयांपैकी निदान ५० टक्के विषयांची सत्राअखेरची लेखी परीक्षा विद्यापीठाबाहेरच्या परीक्षकांकडून व्हावी. पेपर त्यांनीच काढावा आणि तपासावा. अशा विषयांच्या प्रात्यक्षिकाला परीक्षकांचा संघ निम्मा आतला, निम्मा बाहेरचा. प्रकल्प आणि प्रबंधिकेला दोघेही. शेकडो संलग्न महाविद्यालयं असलेल्या विद्यापीठात "बाहेरचा" याचा व्यवहारातला अर्थ बहुतेक वेळा "दुसऱ्या महाविद्यालयाचा" असा होतो.

ऑर्डर नाकारता येते का?

परीक्षेचं काम शिक्षकाच्या कर्तव्याचा भाग आहे, त्यामुळे सबळ कारणाशिवाय नाही. आजारपण, त्याच तारखेला दुसरी ऑर्डर, किंवा जवळचा नातेवाईक त्या परीक्षेला बसलेला असणं ही खरी कारणं. शेवटचं कारण असेल तर तुम्हीच आधी लेखी कळवायचं, विचारणा व्हायची वाट बघायची नाही. मुलगा, सून, पुतणी, मेहुणा, कुणीही असो. ज्या कॉलेजात तुम्ही तासिका तत्त्वावर शिकवता तिथेही जाऊ नये. नकार परीक्षा विभागाच्या ईमेलवर द्या आणि चेअरमनला प्रत ठेवा. फोनवर सांगितलेल्या नकाराची नोंद कुठेच राहत नाही.

प्रात्यक्षिकाला जाण्याआधी काय तयारी करायची?

ऑर्डर मिळाल्या दिवशीच समोरच्या विभागप्रमुखाला फोन करा. चार गोष्टी विचारा: बॅच किती आणि प्रत्येकीत विद्यार्थी किती, सध्या लागू असलेला अभ्यासक्रम कोणता (रिपीटर मुलं जुन्या पॅटर्नची असतात, त्यांची प्रश्नांची स्लिप वेगळी), उपकरणं चालू स्थितीत किती, आणि वीज-पाण्याची सोय काय. किनवट, माहूर, आष्टी, भूम अशा ठिकाणी जायचं असेल तर आदल्या दिवशी मुक्कामी पोचा. सकाळच्या एसटीवर भिस्त ठेवली आणि गाडी चुकली तर वीस-पंचवीस मुलं प्रयोगशाळेबाहेर ताटकळतात आणि दुपारची बॅच संध्याकाळवर जाते.

ऑर्डर, ओळखपत्र, अभ्यासक्रमाची गुणविभागणी आणि स्वतःचं पेन बरोबर असू द्या. गुणविभागणी छापून न्या. लेखन, प्रयोग, निष्कर्ष, जर्नल, तोंडी यांना किती गुण हे तिथे जाऊन आठवत बसू नका.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी क्रम कसा ठेवावा?

पहिल्यांदा विद्यार्थ्यांची यादी आणि कोरी गुणयादी ताब्यात घ्या. आसन क्रमांक दोन्हीकडे जुळतात का बघा. मग प्रमाणित जर्नलं. जर्नलवर विभागप्रमुखाची सही नसेल तर विद्यार्थ्याला बसू द्यायचं की नाही हे तुम्ही एकट्याने ठरवू नका. प्राचार्यांचं लेखी पत्र घ्या. प्रश्नांच्या स्लिपा विद्यार्थ्यांनी स्वतः उचलायच्या, आपण वाटायच्या नाहीत.

प्रयोग चालू असताना टेबलामागे बसून राहू नका. रसायनशास्त्राचंच घ्या. अनुमापनात (टायट्रेशन) तीन वाचनं १२.४, १२.४, १२.४ अशी नीट मांडलेली दिसली की बुरेटकडे बघा: द्रवाची पातळी आत्ता कुठे थांबली आहे? वहीत १२.४ आणि बुरेटवर पातळी १७ च्या खाली, तर आकडा शेजारच्या टेबलावरून आलाय. वाचनाचे गुण गेले. पण पद्धतीचे गुण त्याने केलेल्या कामाप्रमाणे द्यायचे.

याच्या उलटही होतं, आणि ते ओळखता आलं पाहिजे. एप्रिल-मे महिन्यात ऊर्ध्वपातित पाणी संपतं आणि लॅब असिस्टंट नाइलाजाने बोअरचं पाणी देतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. पाण्याचा जडपणा काढायच्या ईडीटीए अनुमापनात ते वापरलं की त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियमही मोजलं जातं आणि अख्ख्या बॅचचं वाचन वर सरकतं. सगळ्यांची चूक एकाच दिशेला आणि जवळपास तेवढीच असेल, तर ती मुलांची चूक नव्हे. तेच पाणी घेऊन एक कोरं (नमुना न घालता) अनुमापन स्वतः करा, आलेलं वाचन सगळ्यांच्या आकड्यातून वजा धरा आणि तसा शेरा नोंदवा. कारण न शोधता पंचवीस मुलांचे निष्कर्षाचे गुण कापणं हा अन्याय आहे.

तोंडीला प्रत्येकाला चार-पाच मिनिटं तरी द्या. पहिला प्रश्न त्याने आत्ता केलेल्या प्रयोगावर विचारा. घाबरलेलं पोरगंसुद्धा त्यावर बोलतं.

शेवटी गुणयादी: शाईने, आकड्यात आणि अक्षरात, खाडाखोड असेल तिथे बाह्य आणि अंतर्गत अशा दोघा परीक्षकांची पूर्ण सही. मोबाईलवर फोटो काढून पाठवू नका. मूळ प्रत सीलबंद पाकिटात. पाकिटाच्या जोडावर सही, त्यावर लाख किंवा पारदर्शक टेप. गुण ऑनलाइन भरायचे असतील तर भरल्यावर "लॉक" करण्याआधी छापील प्रत काढून एकाने वाचायची आणि दुसऱ्याने हस्तलिखित यादीशी ताडायची.

कोऱ्या गुणयादीवर सही कधीही करू नका. "सर, गाडीची वेळ होतेय, आम्ही भरून घेतो," असं आपुलकीने सांगितलं जातं. अशा कागदावर नंतर जे काही भरलं जाईल त्याखाली तुमची सही असते.

इंटर्नल (त्या कॉलेजचे अंतर्गत परीक्षक) जास्त गुण द्या म्हणतात. काय करावं?

दोघांनी आधी स्वतंत्र कागदावर गुण लिहावेत आणि मग समोरासमोर ठेवावेत. दोन-तीन गुणांचा फरक बोलून मिटतो. इंटर्नलला त्या मुलाचं वर्षभराचं काम माहीत असतं, तेही ऐकून घ्या. फरक मोठा असेल तर जर्नल आणि स्लिप दोघांनी पुन्हा बघावी. तरीही जमलं नाही तर चेअरमनला तिथूनच फोन आणि पाठोपाठ ईमेल. सगळ्या बॅचला ५० पैकी ४६ ते ४८ अशी एकसारखी रांग लागली असेल तर ती यादी पुढे प्रश्न उभे करतेच, आणि खरंच मेहनत केलेल्या दोन-तीन मुलांचं त्यात काहीच दिसत नाही. उदगीरच्या मुलाला दयेने मिळालेले गुण सेनगावच्या मुलाच्या गुणवत्ता यादीतल्या जागेवर बसतात, हे विसरू नये.

गैरहजर विद्यार्थ्यापुढे शून्य लिहिलं तर चालतं का?

नाही. गैरहजर म्हणजे "गैहा", आणि हजर राहून काहीच न आलेला म्हणजे शून्य. संगणकाला हे दोन वेगळे विद्यार्थी वाटतात. रकाना मोकळा सोडला तर निकाल राखीव जातो आणि मुलगा विद्यापीठात चकरा मारत बसतो. त्याला जालना किंवा बीडहून एका रकान्यासाठी यावं लागतं.

लेखी पेपर तपासायला केंद्रावर बोलावलंय. तिथे काय चालतं?

उत्तरपत्रिका केंद्रावर येतात, त्यांवरचा आसन क्रमांक झाकला जातो किंवा बारकोडचा भाग वेगळा केला जातो, आणि गठ्ठे बांधले जातात. तुमच्या हातात गठ्ठा येतो तो सांकेतिक क्रमांकाने. घेताना उत्तरपत्रिका मोजा आणि नोंदवहीत सही करा. एक कमी निघाली तर तेव्हाच सांगायचं. दुपारी सांगितलं तर ती तुमच्याकडून हरवली असं धरलं जातं.

आदर्श उत्तरपत्रिका आणि गुणदान योजना चेअरमनकडून घ्या. ती मिळाली नाही तर तपासणी सुरू करू नका. पहिल्या चार-पाच उत्तरपत्रिका पेन्सिलने तपासा, चेअरमन किंवा मॉडरेटरला दाखवा, मग शाई. सगळ्यांचा हात एका पातळीवर यायला हा अर्धा तास पुरतो.

एक पद्धत आम्ही आवर्जून सुचवतो: पूर्ण उत्तरपत्रिका एकदम न तपासता पाच-दहा उत्तरपत्रिकांचा पहिलाच प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा. निकष डोक्यात ताजा राहतो आणि आधीच्या प्रश्नाच्या छापाचा परिणाम पुढच्यावर होत नाही. ज्या केंद्रावर एकामागून एक उत्तरपत्रिका मोजून घेतात तिथे हे जमत नाही. तिथे निदान जेवणानंतर सकाळच्या दोन उत्तरपत्रिका परत उघडून बघा.

चुका कुठे होतात ते ठरलेलं आहे. पहिली, पुरवणी. मागे दोऱ्याने बांधलेली पुरवणी उलटीच राहते आणि शेवटचे दोन प्रश्न न तपासता जातात. म्हणून मुखपृष्ठावर लिहिलेली पुरवण्यांची संख्या आधी बघा. दुसरी, प्रश्न तुकड्यात लिहिलेला: "प्र. ३ (ब)" पान ५ वर आणि त्याचाच उरलेला भाग पान २१ वर. शेवटच्या पानापर्यंत उलटल्याशिवाय बेरीज करू नका. तिसरी, मधली कोरी पानं. त्यांच्यावर तिरकी रेघ मारा, म्हणजे नंतर तिथे काही लिहिता येत नाही. चौथी आणि सगळ्यात महाग, बेरीज. ९, ७, ११, ६, ८ यांची बेरीज ४१. हातचा विसरला की ३१. ८० गुणांच्या पेपरात ४० टक्क्यांची अट म्हणजे ३२. म्हणजे ४१ चा पास झालेला मुलगा ३१ वर नापास. आतल्या पानांवरचे गुण मुखपृष्ठाच्या तक्त्यात उतरवताना आणि तक्त्याची बेरीज करताना, दोन्ही वेळा ताडा.

अर्धा गुण आतल्या प्रश्नांना देता येतो. एकूण बेरीज पूर्णांकात करायची ती परिपत्रकात सांगितली असेल तशी, आणि फक्त शेवटी एकदाच. प्रत्येक प्रश्नाला वर ओढत गेलात तर एका पेपरात दोन-तीन गुण फुकट वाढतात.

विद्यार्थ्याने पाचऐवजी सहा प्रश्न सोडवले. कोणते धरायचे?

सगळे तपासा. जास्त गुण मिळालेले पाच धरा, उरलेल्यावर "जादा" लिहून गुणाभोवती वर्तुळ करा, असा साधारण दंडक आहे. परिपत्रकात वेगळं असेल तर ते पाळा. पण सहावा न तपासता सोडणं कुठल्याच नियमात बसत नाही. विद्यार्थ्याने स्वतः रेघ मारून खोडलेलं उत्तर धरायचं नाही.

भाषेचं काय? शुद्धलेखनाचे गुण कापावेत का?

भाषा विषयाचा पेपर असेल आणि गुणदान योजनेत तसं असेल तरच. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्राच्या पेपरात आशय तपासायचा. मराठवाडा मुक्तिसंग्रामावरच्या उत्तरात एखादा लिहितो, "रझाकारायनं लोकायला लई छळलं, मंग १३ सप्टेंबरला फौज शिरली अन् १७ ला निजाम शरण आला." कारण आहे, क्रम आहे, तारखा अचूक आहेत. बोली घरातली आहे एवढंच. त्याचे गुण पूर्ण द्या. पुण्या-मुंबईकडच्या परीक्षकाला "लोकायला" खटकू शकतं. आपल्या गावच्या परीक्षकाला खटकता कामा नये.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणीकडून उर्दूत लिहिलेल्या उत्तरपत्रिकाही येतात. लिपी वाचता येत नसेल तर "अंदाजाने" गुण न देता ती उत्तरपत्रिका लगेच चेअरमनकडे परत करा; ती वाचणाऱ्या परीक्षकाकडे जाते.

उत्तरपत्रिकेत पाचशेची नोट निघाली. किंवा मोबाईल नंबर, विनवणी.

नोटेला हात लावू नका, तशीच राहू द्या. शेजारच्या परीक्षकाला आणि केंद्र संचालकाला बोलवा आणि तिथेच नोंद करा. विद्यार्थ्याची ओळख पटेल असं काहीही, नाव, गाव, फोन, देवाचं चिन्ह, मुद्दाम बदललेली शाई, आढळलं तरी असंच. उत्तर तपासायचं, गुण द्यायचे आणि प्रकरण वेगळ्या पाकिटात गैरप्रकार समितीकडे. शिक्षा ठरवणं तुमचं काम नाही. "घरची परिस्थिती बेताची आहे, वडील ऊसतोडीला जातात" असं लिहिलेलं वाचून जीव गलबलतो, हे खरं आहे. तरी गुण उत्तराचेच.

मॉडरेशनमध्ये माझे गुण बदलले तर तो माझा अपमान आहे का?

नाही. मॉडरेटर प्रत्येक गठ्ठ्यातून काही उत्तरपत्रिका काढतो: वरच्या, उत्तीर्णतेच्या काठावरच्या, नापास झालेल्या आणि मधल्या काही. समजा, तुमचे गुण ३१, ४४, ५८, २७, ३६ आणि त्याचे ३६, ४८, ६३, ३१, ४१. फरक ५, ४, ५, ४, ५, सगळे एका दिशेला. म्हणजे तुमचा हात आखडता आहे, पण सगळ्यांना सारखाच. गठ्ठा परत घेऊन त्या निकषावर पुन्हा बघायचा. याउलट फरक अधिक ६, उणे ५, अधिक १, उणे ७ असा आला तर तो विस्कळीतपणा आहे, आणि ते जास्त गंभीर आहे. सरसकट गुण वाढवून तो निघत नाही. गठ्ठा दुसऱ्याने पूर्ण तपासावा लागतो. मॉडरेटरने बदललेले गुण वेगळ्या शाईने, मूळ आकडा वाचता येईल असे आणि सहीनिशी लिहावेत.

काठावरच्या मुलाला मीच एक-दोन गुण देऊन टाकू का?

देऊ नका. ग्रेस कुणाला, किती आणि किती विषयांत याचे नियम विद्यापीठाच्या अध्यादेशात आहेत आणि ते सगळ्या विषयांचा निकाल एकत्र आल्यावरच लावता येतात. तुम्हाला फक्त तुमचा पेपर दिसतो. तुम्ही करू शकता ते एवढंच: काठाच्या दोन-तीन गुण खाली असलेली उत्तरपत्रिका बंद करण्याआधी ती पुन्हा वाचा. सुटलेला अर्धा परिच्छेद तिथेच सापडतो.

गुणांच्या ग्रेड कशा होतात?

आयोगाने सुचवलेली दहा बिंदूंची श्रेणी अशी: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, एफ आणि गैरहजर शून्य. कोणत्या टक्क्यांना कोणती ग्रेड हे विद्यापीठ ठरवतं. सत्राची सरासरी काढताना प्रत्येक विषयाचा ग्रेड बिंदू त्याच्या श्रेयांकाने गुणतात, बेरीज करतात आणि एकूण श्रेयांकांनी भागतात.

२० श्रेयांकांचं सत्र घ्या: चार विषय ४ श्रेयांकांचे, दोन प्रात्यक्षिकं २ श्रेयांकांची. बिंदू ८, ७, ९, ६ आणि १०, ८. गुणाकार ३२, २८, ३६, २४, २०, १६, बेरीज १५६, भागिले २० म्हणजे ७.८०. आता १० बिंदूंच्या त्या दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकात चुकून "गैहा" पडलं तर? बेरीज १३६ आणि सरासरी ६.८०, शिवाय विषय राहिला तो वेगळाच. "दोनच क्रेडिटचं प्रात्यक्षिक" म्हणून गुणयादी घाईत भरणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून बघावा.

ऑनस्क्रीन तपासणीत काय वेगळं असतं?

उत्तरपत्रिका स्कॅन होऊन पडद्यावर येते, बेरीज संगणक करतो, आणि न तपासलेलं पान राहिलं की यंत्रणा पुढे जाऊ देत नाही. बेरजेच्या चुका जवळपास संपतात. नव्या चुका येतात: पान पुसट किंवा कापलेलं स्कॅन होतं, पुरवणी दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेला जोडली जाते, मध्येच अक्षर बदलतं. असं दिसलं की गुण न देता "स्कॅन दोष" नोंदवून परत पाठवा. लॉगिन आणि ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, स्वतःच्या संशोधक विद्यार्थ्यालाही नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सगळे पेपर एकाच हंगामात पडद्यावर तपासायला घेतले आणि निकाल महिनोन्‌महिने लांबले. तेव्हापासून प्रशिक्षणाशिवाय ही पद्धत सुरू करू नये हे सगळ्यांना कळलं आहे. तुमच्या केंद्रावर प्रशिक्षण असेल तर त्या दिवशी रजा टाकू नका.

निकाल किती दिवसांत लागला पाहिजे?

अधिनियमाचं कलम ८९ सांगतं की परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत. यात स्कॅनिंग, तपासणी, मॉडरेशन, गुणनोंद, ग्रेस आणि छाननी सगळं आलं. परीक्षक तीन दिवस उशिरा आला की पुढचं सगळं तीन दिवसांनी सरकतं.

विद्यार्थ्याला माझी तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मिळते का? माझं नाव कळतं का?

छायाप्रत मिळते. ९ ऑगस्ट २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारात येते असं स्पष्ट केलं, आणि परीक्षकाची ओळख उघड न करण्याला मान्यताही दिली. म्हणून छायाप्रतीवर तुमची सही-नाव झाकलेलं असतं. उत्तरपत्रिकेवर नुसते आकडे न टाकता समासात एका शब्दात कारण लिहा: "व्याख्या अपूर्ण", "आकृती नाही", "सूत्र बरोबर, एकक चूक". पुनर्मूल्यांकनाला आलेल्या दुसऱ्या परीक्षकाला आणि त्या मुलाला, दोघांनाही ते उपयोगी पडतं. टोमणे मात्र लिहू नयेत.

दिव्यांग विद्यार्थी असेल तर?

२०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घ्यायचा हक्कही आहे. प्रात्यक्षिकात बॅचची वेळ आखतानाच हे धरा. लेखनिकाने लिहिलेल्या उत्तरात शब्द चुकलेला असेल तर तो विद्यार्थ्याच्या माथी मारू नये.

पीएच.डी.च्या प्रबंधासाठी नाव आलंय. नियम काय आहेत?

आयोगाचे ७ नोव्हेंबर २०२२ चे विनियम बघा. मार्गदर्शकाशिवाय किमान दोन बाह्य परीक्षक, ते त्या संस्थेच्या नोकरीत नसावेत, आणि शक्य असेल तिथे एक भारताबाहेरचा. दोघांचेही अहवाल अनुकूल आले तरच मौखिक. एकाने नाकारलं तर पर्यायी परीक्षक. त्यानेही नाकारलं तर प्रबंध फेटाळला जातो. मौखिकेच्या मंडळात मार्गदर्शक आणि दोघांपैकी किमान एक बाह्य परीक्षक लागतो, ती ऑनलाइनही घेता येते. प्रबंध सादर झाल्यापासून सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हायला हवी. तुमच्याकडे दोन महिने पडून राहिलेला प्रबंध त्यातला तिसरा हिस्सा खातो. वेळ नसेल तर पहिल्याच आठवड्यात नाही म्हणा.

अहवालात "चांगला आहे, शिफारस करतो" अशा दोन ओळी पुरत नाहीत. प्रकरणवार निरीक्षणं, पद्धतीतल्या त्रुटी, मौखिकेत विचारायचे प्रश्न लिहा. वाङ्मयचौर्याचे २०१८ चे विनियम १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालवून घेतात. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादर करायला सांगतात. ४० ते ६० टक्क्यांना सुधारित प्रबंध सादर करायला एक वर्ष बंदी. त्यावर नोंदणी रद्द. अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. नुसता आकडा बघू नका, जुळणारा मजकूर कुठल्या प्रकरणात आहे ते बघा.

स्वायत्त महाविद्यालयाची ऑर्डर असेल तर?

तिथे परीक्षा नियंत्रक आणि परीक्षा मंडळ कॉलेजचं स्वतःचं असतं, पदवी मात्र विद्यापीठाची. अंतर्गत गुणांचा वाटा वेगळा असू शकतो, तो आधी मागून घ्या. बिलही कॉलेजच देतं.

मानधनाचं बिल का अडकतं?

बहुतेक वेळा कागदांमुळे. ऑर्डरची प्रत, उपस्थिती प्रमाणपत्र, तिकीट, पॅन आणि रद्द केलेला धनादेश एकत्र लावा. बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललेला आयएफएससी आणि पॅनवरच्या नावात नसलेलं वडिलांचं नाव, या दोन कारणांनी सर्वाधिक बिलं परत येतात. उपस्थिती प्रमाणपत्र केंद्र सोडण्याआधीच घ्या, नंतर ते मिळवायला पुन्हा फेरी पडते.

घरी आल्यावर लक्षात आलं की एका उत्तरपत्रिकेची बेरीज चुकली. आता?

त्याच दिवशी केंद्र संचालक आणि चेअरमनला ईमेल करा: गठ्ठा क्रमांक, सांकेतिक क्रमांक, चुकलेला आकडा, बरोबर आकडा असं मोघम न ठेवता लिहा. सांकेतिक क्रमांक आठवत नसेल तर गठ्ठ्याचा क्रमांक आणि तपासणीची तारीख पुरते. नोंदवहीतून ती सापडते. निकाल लागण्याआधी दुरुस्ती सोपी असते, उत्तरपत्रिका मागवून तुमच्या आणि चेअरमनच्या सहीने होते. निकाल लागल्यावर कळलं तरी कळवा. तेव्हा ती मंडळापुढे ठेवावी लागते, वेळ लागतो, पण तोवर त्या मुलाने पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरलेला असू शकतो आणि त्याची फी परत मिळायला तुमचं ते पत्रच लागतं.